चि. बुद्धघोष, येरमाळा

पुणे, ११ ऑगस्ट २०२४

गफारचाचांना चैतालीचा जयभीम आणि सलाम.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. तुम्हाला फोन केला की मी काहीही विचारलं तरी तुम्ही तिकडून 'हां, जेवलो, जेवलो' म्हणता. पप्पा म्हणाले, त्याला पत्र लिही. उभी हयात बँडच्या पुढ्यात कॅमेरा घेऊन उभा राहिला, त्याचे कान कुठून शाबूत राहणार!

मी इथं व्हिडिओचं शिकते ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटत असेल, कॅमेरा कसा धरायचा ते शिकवतात. ते तर पप्पांच्या टेलरिंगच्या दुकानातून पळून तुमच्या स्टुडिओत यायचे तेव्हाच शिकले. इथं उलटं आहे. चित्र बिघडवायचं कसं, ते शिकवतात. हसू नका. टीव्हीसमोर कॅमेरा धरून तेच चित्र पुन्हा त्याच टीव्हीत सोडायचं, की आत आत जाणारा बोगदा तयार होतो. एकावर एक दोन चित्रं चढवायची. कॅसेटची फीत मातीत पुरायची, तिच्यावर चुंबक फिरवायचं. बिघडलेल्या चित्रातून जे दिसतं ते चांगल्या चित्रातून दिसत नाही, असं सर म्हणतात, आणि मला ते पटतं.

वर्षाअखेरीला प्रत्येकाला एक छोटी फिल्म करायची आहे. माझ्या डोक्यात एक लग्न आहे. त्यातून माणसं हळूहळू विरत जातात, शेवटी नुसता मांडव उरतो. त्यासाठी जुन्या लग्नाच्या कॅसेट लागतील. तुमच्या माळ्यावर कुणी न नेलेल्या कितीतरी पडल्या आहेत, हसीनाचाची त्यावरून रोज भांडते. त्या मला द्याल का?

तुमची,
चैताली


मुरुम, २४ ऑगस्ट २०२४

चि. चैताली हिस गफारचाचाकडून अनेक दुवा.

तुझं पत्र आलं. आमच्या तौसिफनं मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं, मी म्हणालो, माझे कान गेलेत, डोळे नाहीत. आण इकडं.

चित्र हलू नये म्हणून आम्ही श्वास रोखून उभे राहायचो. पावसात कॅमेऱ्यावर छत्री आणि आम्ही भिजत. आणि तुमच्याकडं बिघडवायला मास्तर ठेवलाय! चालू दे. जमाना तुमचा आहे.

कॅसेट देतो. तुझ्या चाचीला सांगितलं तर म्हणाली, 'वो बला घर से जाने दो, मैं चैताली को खीर खिलाती.' दोन खोकी एसटीच्या पार्सलनं पाठवलीत. प्रत्येक कॅसेटवर चिठ्ठी आहे, चि. अमुक, गाव तमुक. नवरीचं नाव कुठंच सापडणार नाही. आमच्या धंद्याची रीतच तशी होती. कॅमेरा सांगायचे मुलाकडचे, म्हणून नाव मुलाचं, गाव मुलाचं. एक प्रत त्यांना जायची आणि मूळ कॅसेट आमच्याकडं पडून राहायची, कुणी नेलीच तर नेली. मुलीकडचे विचारायला यायचेच नाहीत.

मच्छिंद्रनं त्याच्या लग्नाची कॅसेटही खोक्यात टाकलीय. तेवढी मोबाईलवर बघता येईल अशी करून दे, म्हणाला. तिला तुझी बिघडवायची विद्या लावू नको. तुझ्या आईबापाचं लग्न मी दोस्त म्हणून शूट केलंय, त्यात माझा जीव आहे.

बाकीच्यांचं काय करायचं ते कर. वीस वर्षांत ज्यांना आठवण आली नाही त्यांना आता काय येणार.

दुवागो,
गफारचाचा


पुणे, १५ सप्टेंबर २०२४

चाचा, सलाम.

खोकी पोचली. जुन्या बाजारातून एक व्हीसीआर आणला, तो कॅसेट गिळायचा आणि परत द्यायचा नाही. दोनदा उघडून बसले, आता शहाण्यासारखा चालतो. फुटक्या स्पीकरमधून चुंबक काढलं, चपातीएवढं आहे.

आता काय झालं ते ऐका. सरांनी सांगितलं होतं, फीत आधी पाहायची नाही. डोळे मिटून एक कॅसेट उचलायची, झडप उघडून फीत बाहेर ओढायची, चुंबक फिरवायचं आणि मगच लावायची. आधी पाहिलं की माया लागते, हात राखून चालतो. मी तसंच केलं. एक कॅसेट उचलली आणि सगळी फीत चुंबकाखालून ओढली. लावली तर काय सांगू! आमच्या बौद्धांतलंच कुणाचं तरी लग्न होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. पाण्यात मीठ विरघळावं तशी विरघळत होती. वंदनेचा आवाज मध्येच खोल जायचा, मध्येच चिरका व्हायचा. चेहरा एकही शिल्लक नाही. मेणबत्तीची ज्योत तेवढी एका जागी हलत राहिली.

वर्गात दाखवली. मग सरांनी टाळी वाजवली. फेब्रुवारीत इथं एक महोत्सव आहे, त्यासाठी माझी फिल्म निवडायची म्हणतात. चाचा, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मला काहीतरी येतं.

चाचीला सांगा, खीर उधार राहिली.

तुमची,
चैताली


मुरुम, ३ ऑक्टोबर २०२४

चि. चैताली हिस अनेक दुवा.

तुझं कौतुक ऐकून बरं वाटलं. न बघता चुंबक फिरवायचं हे काही माझ्या गळी उतरलं नाही, पण तुझे सर जास्त शिकलेले.

आता एक निकडीचं काम. अंगणवाडीत खिचडी करायच्या त्या प्रेमाबाई तुला आठवत असतील. त्या परवा दुकानात आल्या. त्यांची एकुलती एक सोनाली येरमाळ्याला दिली होती. दोन वर्षांत कावीळ झाली आणि गेली, तेव्हा तू पाळण्यात होतीस. नवऱ्यानं पुढं दुसरं लग्न केलं, घरात जुनं काही ठेवलं नाही. प्रेमाबाईंकडं शाळेच्या दाखल्यावरचा एक फोटो आहे, बस.

तौसिफनं त्यांचं बोलणं कागदावर लिहून दिलं ते तसंच लिहितो. 'गफारभाई, ती कॅसेट पोराकडच्यांची म्हनून म्या कधी तोंड उघडलं न्हाय. आता तुमी माळाच रिकामा केलाय म्हनं. मला येकदा माझ्या लेकीला चालताना बघायचंय.'

कॅसेटवर लिहिलंय: चि. बुद्धघोष, येरमाळा. ती बाजूला काढ, मोबाईलची करून पाठव. ती खोकी तुला देताना ही माय माझ्या ध्यानात आली नाही, याची मला शरम वाटते.

गफारचाचा


पुणे, २७ ऑक्टोबर २०२४

चाचा, सलाम.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. परीक्षा होती.

प्रेमामावशींची कॅसेट सापडली. पण तिला बुरशी आहे. स्वच्छ करून, सुकवून मग लावावी लागेल, वेळ लागेल. मावशींना म्हणावं, आशा फार धरू नका. म्हणजे होईल काहीतरी, पण फार धरू नका.

लहानपणी मला अंगणवाडीत त्या खिचडीवर जास्तीचं तेल सोडायच्या. हे उगाच आठवलं.

चैताली


मुरुम, ८ नोव्हेंबर २०२४

चैताली, दुवा.

बुरशी कशी लागली? माळा ठणठणीत कोरडा होता.

प्रेमाबाई रोज येतात. बाकड्यावर बसतात, पाणी पितात आणि जातात. मला मान वर करवत नाही. लवकर कर बेटा.

गफारचाचा


पुणे, १ डिसेंबर २०२४

चाचा,

सोबत पेनड्राइव्ह आहे. चार मिनिटांचं निघालं. चेहरा स्पष्ट नाही, चित्र थरथरतं, फीत फार खराब होती. पण चालत येते, फुलं वाहते, वाकून वंदन करते, हे दिसतं. तौसिफभाईंना म्हणावं, मावशींच्या मोबाईलवर घालून द्या.

आई-पप्पांना दाखवू नका. आईला असलं पाहून त्रास होतो.

पप्पांच्या कॅसेटचं काम अजून झालेलं नाही, त्यांना सांगा.

मला हल्ली झोप नीट लागत नाही. अभ्यासामुळं असेल.

चैताली


मुरुम, १९ डिसेंबर २०२४

चैताली,

हे पत्र मी दुकान बंद ठेवून लिहितोय. नीट वाच.

पेनड्राइव्ह आल्याबरोबर प्रेमाबाईंना बोलावलं. तौसिफनं मोबाईलवर लावून दिलं. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिल्या. त्यांच्या खांद्यावरून मीही पाहिलं.

ती सोनाली नव्हती. ती तुझी आई होती. पांढरी साडी, पांढरा पदर, आणि तू वरून धूर केल्यासारखं चित्र केलेलं, तरी मी ओळखलं. उमरग्याच्या ज्या शाळेत मच्छिंद्रचं लग्न लागलं तिचं ते व्हरांड्याचं टोक, आणि फुलं डाव्या हातानं वाहणारी नवरी मी एकच पाहिलीय. मालनवहिनी डावऱ्या आहेत हे अख्ख्या मुरुमला माहीत आहे.

म्हणजे येरमाळ्याची कॅसेट तू चुंबकाखाली घातलीस ती. बुरशी-बिरशी काही नाही. व्हय की न्हाय?

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मला वाटलं, खोटं का होईना, म्हातारीला सुख मिळालं. यात तुझ्याइतकाच मीही सामील आहे.

पण पुढचं ऐक. सुख-बिख काही राहिलं नाही. ते चित्र थरथरतं ना, ते तू केलंस. त्यांना वाटतं, पोरगी थरथरत होती. डावा हात पाहून म्हणतात, भ्यालेल्या माणसाला उजवं-डावं कळत नाही, पोरगी इतकी भ्याली होती. रोज बघतात आणि रोज त्यातून नवीन काहीतरी काढतात. आता गल्लीभर सांगत फिरतात, 'पोरगी त्या दिवशीच घाबरल्याली. तिला जायचंच नव्हतं. म्या बघितलं न्हाय. म्याच ढकलून दिली तिला.' वीस वर्षं त्यांच्या मनात कावीळ होती. आता तिथं त्या स्वतः बसल्यात. जेवण टाकलंय.

तुझ्या घरीही जाऊन आल्या मोबाईल घेऊन. मालनवहिनींनी पाहिलं. प्रेमाबाईंनी विचारलं, हीच माझी सोनाली न्हव? वहिनी म्हणाल्या, 'व्हय, हीच.' नंतर मला रस्त्यात भेटल्या आणि नुसतं माझ्याकडं पाहिलं. मच्छिंद्रला अजून काही कळलेलं नाही.

मला हे सांगता येणार नाही. एक तर त्या काय बोलतील ते मला ऐकू येणार नाही, आणि दुसरं म्हणजे हे माझं सांगायचं नाही. तू ये.

गफारचाचा


पुणे, ७ जानेवारी २०२५

चाचा, सलाम.

मी येऊन गेले. तुम्ही कानाच्या मशीनसाठी सोलापूरला गेला होता. खरं सांगते, दुकान बंद दिसलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढीच एक लाज कमी.

तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. तुमचं ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हा मी खोकी पालथी घालून चिठ्ठ्या वाचल्या. मग टेबलावरच्या त्या सुटलेल्या फितीची कॅसेट उचलली आणि चिठ्ठी पाहिली. तेव्हाच लिहायला हवं होतं, की चाचा, माझ्या हातून गेली. दोन ओळींचं काम होतं. पण फिल्म निवडली जाणार होती, आणि तुम्ही मला शहाणी समजता. मी म्हटलं, जमलं तर वाचवू. ती वाचण्यासारखी नव्हती. मग एके दिवशी आईच्या लग्नाची कॅसेट लावली आणि मनात आलं, पांढऱ्या साडीत कोण कुठली नवरी हे कुणाला कळतं. मला जे जे शिकवलं होतं ते सगळं मी त्या चार मिनिटांवर वापरलं. आणि चाचा, करताना मला ते छान जमतंय असंही वाटत होतं. हे लिहायला नको होतं, पण तेही खरं आहे.

आधी आईला सांगितलं. ती भाकऱ्या करत होती. म्हणाली, 'मला ठावं हाय. माझ्याच लग्नात मला मेलेली केलीस की गं.' मग म्हणाली, 'त्या बाईसमोर माझ्या तोंडातनं व्हय निघालं, ते तुझ्यासाठी निघालं.' रडली नाही. माझ्याबरोबर यायला निघाली, मी नको म्हटलं.

प्रेमामावशी खूप वाळल्यात. मी दारातच बोलायला सुरुवात केली, बसले असते तर जमलं नसतं. सगळं सांगितलं. चुंबक काय असतं तेही. ती माझी आई आहे, थरथर मी केली आहे, सोनालीताई त्यात कुठंच नाही. त्यांनी मोबाईल लुगड्याच्या पदरात गुंडाळला आणि बाजूला ठेवला. मला वाटलं, मारतील तर बरं होईल.

मग विचारलं, 'म्हंजी ती घाबरल्याली नव्हती?'

मी म्हटलं, 'मावशी, ती सोनालीताई नव्हतीच.'

'ते कळलं बाई. खऱ्या कॅसेटमदली इचारतीया. खऱ्या कॅसेटमदी माझी सोनाली कशी दिसत व्हती? हासत व्हती का?'

चाचा, एवढ्या वर्षांत ती कॅसेट कुणी लावली नाही. मी लावली असती तर सांगू शकले असते. मी म्हटलं, मावशी, मी पाहिलीच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरासुद्धा न्हाय? आशेनं विचारलं. मी म्हटलं, जरासुद्धा नाही.

पुण्यात येऊन सरांना सांगितलं, माझी फिल्म महोत्सवातून काढा. त्यांनी कारण विचारलं म्हणून सगळं सांगितलं. ते पुढं सरकून बसले, म्हणाले, हे सगळं फिल्ममध्ये घाल, फार दमदार होईल. मी उठून आले. पुढं शिकायचं की नाही ते अजून ठरत नाही. पप्पांना पुढच्या वेळी मी स्वतः सांगेन.

एकच विचारते. शूटिंग तुम्ही केलं होतं. दिवसभर तुम्ही तिच्यासमोर होता. ती कशी होती, तुम्हाला आठवतं का? हसत होती का? आठवत असेल तर मावशींना जाऊन सांगा. आठवत नसेल तर तेही तसंच सांगा. त्यांना बरं वाटावं म्हणून काही रचू नका. ते मी करून पाहिलंय.

चैताली


मुरुम, २० जानेवारी २०२५

चि. चैताली हिस दुवा.

आल्याबरोबर तुझं पत्र वाचलं. लगेच उत्तर लिहायला बसलो आणि उठलो. आठवडा तसाच गेला.

डोळे मिटून बसलो, ते लग्न आठवायचा प्रयत्न केला. बुद्धघोष आठवतो. कोट त्याला सैल होता. त्याचे मामा आठवतात, सारखे पुढं पुढं करत होते, 'आमचं घ्या, आमचं घ्या.' येरमाळ्याहून आलेला टेम्पो आठवतो. जेवायला काय होतं तेही आठवतं. सोनालीचा चेहरा आठवत नाही. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडं कॅमेरा, ही आमची रीत. नवरी काय, नवऱ्याच्या बाजूला असायचीच, म्हणून यायची चित्रात. तुझ्या आईचं लग्न वेगळं, ते दोस्ताचं होतं. ती पोरगी माझ्यापासून हातभर अंतरावर दिवसभर उभी होती, चैताली, आणि ती हसत होती की रडत होती ते मला माहीत नाही. फार वाईट वाटतं. कुणाला सांगू तेही कळत नाही.

तू म्हणालीस तसं काही रचलं नाही. मनात आलं होतं. हसत होती म्हणालो असतो तर कोण पकडणार होतं? पण नाही रचलं.

काल मालनवहिनींना घेऊन प्रेमाबाईंकडं गेलो. नवीन मशीनमधून नुसती खरखर येते, म्हणून वहिनी लागतात, त्या कानाशी येऊन सांगतात. मी प्रेमाबाईंना म्हणालो, बाई, मला आठवत नाही. मी तिच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

त्यांनी ऐकून घेतलं. चहा टाकला. कपात ओतताना काहीतरी एकच वाक्य बोलल्या. मी वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली, काही सांगितलं नाही. चहा पिऊन आम्ही निघालो. वाटेत विचारलं, काय म्हणाल्या? वहिनी चालत राहिल्या. दुकानाशी आलो, मी कुलूप काढलं, तेव्हा त्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, प्रेमाबाई म्हणाल्या, 'म्हंजी तुमी आन् चैतालीनं, दोघांनीबी माझ्या पोरीकडं बघितलं न्हाय.'

गफारचाचा